‘तुझा आवाज गाण्याचा नाही’ असं कुणी म्हटलं की

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही नेरूळला राहता, बँकेत नोकरी करता, वय चव्वेचाळीस. लहानपणी राहून गेलेलं गाणं यंदा शिकायला सुरुवात केलीत. सोसायटीच्या कोजागिरीला एक जुनं चित्रपटगीत कॅराओके ट्रॅकवर म्हटलंत. शेजारच्या बाई म्हणाल्या, “आवाज चिरका लागतो, तुझा आवाज गाण्याचा नाही.” नणंदेचं म्हणणं, या वयात हे काय नवीन. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, त्याखाली हसरे चेहरे आले, आणि तुमच्या मुलानेही तोंड वाकडं केलं. तेव्हापासून तुम्ही खिडक्या लावून दबक्या आवाजात रियाज करता, कधी करतच नाही. आता जानेवारीत हळदीकुंकवाला पुन्हा गायचा आग्रह होतोय. आत्मविश्वास टिकवायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यात नौपाड्याला गाण्याचे वर्ग घेते, आठवड्यातून एकदा वाशीलाही जाते. माझे बरेचसे विद्यार्थी चाळिशीनंतर पहिल्यांदा तानपुऱ्यासमोर बसलेले आहेत. त्यामुळे तुमची गोष्ट मला नवीन नाही. नावं आणि गाणं बदलतं, नणंदेच्या जागी कधी जाऊ असते, कधी सख्खा नवरा.

“मनावर घेऊ नका” हा सल्ला तुम्हाला भरपूर मिळाला असणार. मी तो देत नाही, कारण तो पाळता येत नाही. पेटी वाजवणाऱ्याला कुणी काही बोललं तरी पेटी बेसूर होत नाही. गळ्याचं तसं नसतं. बोल लागला की श्वास वरच्यावर अडकतो, जबडा आवळला जातो, जीभ मागे ताठ होते, आणि षड्ज, म्हणजे सा, लावायच्या आधीच तो हलायला लागतो. म्हणजे टीकेचा परिणाम मनावर होतो की नाही ही चर्चाच नको, तो गळ्यावर होतोच. मग प्रश्न उरतो तो एवढाच की लागल्यावर रियाजाचं काय करायचं.

आणि इथेच मला काळजी वाटते. शेजारणीचं वाक्य एकदाच झालं. खिडक्या लावून दबक्या आवाजातला रियाज मात्र रोज चाललाय. दबक्या आवाजात हवा जास्त सुटते, स्वरतंतू नीट जुळत नाहीत, सुराला आधार मिळत नाही आणि तो खाली घसरतो. महिना-दोन महिने असंच चाललं तर आवाज खरोखर कमजोर होईल, आणि मग पुढच्या वेळी शेजारीण जे म्हणेल ते बरोबर असेल. टीकेने आत्मविश्वास जातो तो बहुतेक असा, सवयी बदलून.

म्हणून पहिलं काम मनाचं नाही, वेळापत्रकाचं आहे. सिडकोच्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावरचा खलबत्ताही खाली ऐकू येतो, तेव्हा आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही ही आशा सोडा. त्यापेक्षा वर, खाली आणि शेजारी जाऊन सांगा: “सकाळी सात ते साडेसात मी गाण्याचा सराव करते. कुणाची परीक्षा असेल, आजारपण असेल तर सांगा, वेळ बदलेन.” याने दोन गोष्टी होतात. एक तर तुम्ही चोरून गाणं थांबवता. दुसरं म्हणजे लोकांना तक्रार करायला एक सभ्य जागा मिळते. यापुढे ते वेळेबद्दल बोलतील, आवाजाबद्दल बोलायची फारशी गरज उरणार नाही. सकाळी खर्जापासून, म्हणजे खालच्या सुरांपासून, सुरुवात करा. खर्जाचा आवाज मुळातच मोठा नसतो, पण गळा पूर्ण उघडून लावावा लागतो, आणि नेमकं तेच तुमचं सध्या सुटलंय.

आता त्या वाक्याकडे येऊ. “आवाज चिरका लागतो” हे निरीक्षण आहे. “तुझा आवाज गाण्याचा नाही” हा निकाल आहे. तुम्ही दोन्ही एका घोटात गिळलंत. माझा अनुभव असा की साध्या श्रोत्याला काहीतरी बिनसलंय हे बऱ्याचदा अचूक कळतं, पण का बिनसलंय हे तो जवळजवळ नेहमीच चुकीचं सांगतो. त्यात त्याचा दोष नाही, ते सांगणं त्याचं कामच नाही.

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक मूळ गाण्याचाच वापरला. म्हणजे पट्टीसुद्धा मूळ गायिकेचीच, हल्ली सगळे स्केल म्हणतात ते. जुन्या चित्रपटगीतांत बायकांची गाणी फार उंच पट्टीत आहेत. समजा ट्रॅक काळी पाचचा आहे आणि तुमचा गळा त्याहून खालच्या पांढरी पाचला मोकळा लागतो. मुखडा कसाबसा निभतो. अंतऱ्यात तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, जायची वेळ आली की स्वरयंत्र वर ओढलं जातं, गळा आवळतो, आणि आवाज बारीक, टोचणारा होतो. शेजारणीने ऐकलं ते हे. कानाला जे टोचलं ते तिने चिरका आवाज म्हणून सांगितलं, आणि कारण म्हणून तुमच्या आवाजाकडे बोट दाखवलं. खरं कारण ट्रॅकमध्ये होतं. बहुतेक कॅराओके ॲपमध्ये पट्टी एकेक पायरी खाली आणता येते. तुमच्या गुरूंना विचारून तुमची पट्टी नक्की करा, ट्रॅक तिथे आणा, तेच गाणं म्हणा आणि रेकॉर्ड करून ऐका.

दुसरी शंका मला त्या स्टेजची आहे. सोसायटीच्या कार्यक्रमात दोन मोठे स्पीकर लावतात, दोन्ही प्रेक्षकांकडे तोंड करून. गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, ज्याला मॉनिटर म्हणतात, तो नसतोच. तुम्हाला स्वतःचा आवाज उलट फिरून, जरा उशिराने ऐकू येतो. अशा वेळी नवखा माणूस घाबरून आणखी जोर लावतो, आणि जोर लावला की सूर हलतो. ठाण्यात पं. राम मराठे संगीत महोत्सवाला कधी गेलात तर बड्या कलाकारांची पहिली पाच मिनिटं नीट बघा. तानपुरे पुन्हा जुळवतात, साउंडवाल्याला हाताने खुणा करतात, मॉनिटर वाढव म्हणतात, तबला कमी कर म्हणतात. आयुष्यभर गाणारी माणसं स्वतःला नीट ऐकू आल्याशिवाय सुरू करत नाहीत. आपण मात्र हातात माईक आला की लगेच सुरू होतो, कारण पुढच्या मुलींचा नाच खोळंबलेला असतो.

आणि तो व्हिडिओ. हॉलच्या मागच्या रांगेतून धरलेला फोन, फाटलेला स्पीकर, गरब्याच्या तयारीत असलेली पोरं. फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करत राहतो. तो व्हिडिओ आवाज जोखायला कामाचा नाही, पुसून टाका. शिवाय स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज सगळ्यांनाच पहिल्यांदा परका आणि पातळ वाटतो, कारण एरवी आपण आपला आवाज बाहेरून हवेतून आणि आतून डोक्याच्या हाडांमधून, असा दोन्ही वाटांनी ऐकतो. फोनमध्ये फक्त बाहेरचा येतो. ही सवय व्हायला काही आठवडे जातात. ती करून घ्या, कारण पुढे रेकॉर्डर हाच तुमचा सगळ्यात उपयोगी टीकाकार होणार आहे.

कळव्याहून माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येतात. पुतण्याच्या साखरपुड्यात त्यांनी अभंग म्हटला आणि कुणी नातेवाईक म्हणाला, “काका, तुम्ही टाळ धरा, गाणं राहू द्या.” पुढच्या वर्गाला आले ते मागे जाऊन बसले, म्हणाले, मी आता नुसता ऐकतो. त्यांच्या सुनेने कार्यक्रम मुद्रित केला होता, तो सगळ्यांनी मिळून ऐकला. मुखडा चांगला होता. अंतऱ्यात तार षड्जावर सूर किंचित कमी पडत होता, आणि गंमत म्हणजे दर वेळी त्याच शब्दावर. पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं की त्याआधीच्या लांब ओळीत ते कुठे श्वासच घेत नव्हते, वर पोहोचेपर्यंत हवा संपलेली असायची. श्वासाची जागा दोन शब्द अलीकडे आणली. अभंग तोच आणि काका तेच. आजही उत्साहात आले की ते श्वास विसरतात, पण आता टाळ धरून मागे बसत नाहीत. “तुम्ही गाऊ नका” या वाक्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. “या शब्दाआधी श्वास घ्या” यावर होतं.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. 1996 साली अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायांवरच्या जुन्या अभ्यासांतले 607 निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी बघितली तर अभिप्राय मिळाल्याने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते बिघडलेलं दिसलं. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला वर्गात रोज पटतं: अभिप्रायाने लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की काम बिघडतं. हे कौतुकालाही लागू आहे. “काय गोड गळा आहे गं!” हे ऐकून आलेली मुलगी पुढच्या तासाला गोड लागायच्या नादात ताल सोडते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक नियम घालून दिलाय. रियाजाची एक वही असते. कुणीही काहीही म्हटलं, वाईट किंवा चांगलं, तर ते स्वर, श्वास, शब्द आणि लय यांपैकी कशात बसतं ते बघायचं आणि त्या भाषेत लिहायचं. “चिरका लागतो” हे “तार सप्तकात गळा आवळतो, पट्टी तपासणे” असं होऊन वहीत जातं. “शब्द कळत नव्हते” हे जसंच्या तसं जातं. “या वयात कशाला” हे कशातच बसत नाही, म्हणून ते वहीत जात नाही. “तू तर दुसरी अमुकतमुक” हेही जात नाही. वहीत न गेलेलं डोक्यातून लगेच निघून जातं असा माझा दावा नाही. दोन दिवस टोचत राहतं. पण त्या दोन दिवसांत सकाळी सातला काय करायचं ते वहीत लिहिलेलं असतं, आणि तेवढं पुरतं.

आता कुणी काय आणि कधी ऐकावं याबद्दल. इथे मी जरा कडक आहे. “निंदकाचे घर असावे शेजारी” ही म्हण मला मान्य आहे, पण कुठल्या टप्प्यावर, ते ती सांगत नाही. भात अर्धा शिजलेला असताना कुणी पंगत बसवत नाही. नवीन गाणं पहिले काही आठवडे गुरू आणि रेकॉर्डर यांच्याशिवाय कुणी ऐकू नये. मग वर्गातल्या एक-दोन जणींसमोर, ज्या स्वतःही धडपडताहेत. त्यानंतर घरी. स्टेजवर फक्त तेच गाणं न्यावं जे खोकला झालेला असतानाही निभावून नेता येईल. कोजागिरीला तुम्ही शिकायला लागून काही महिनेच झाले होते आणि गाणं निवडलंत कठीण. धाडसाबद्दल मी तुम्हाला पूर्ण गुण देईन, गाण्याच्या निवडीबद्दल नाही.

आणि गाऊन झाल्यावर “कसं झालं?” हे विचारणं बंद करा. हा प्रश्न समोरच्याला निकाल द्यायलाच सांगतो. त्याऐवजी नेमकं विचारा: “दुसऱ्या कडव्यात शब्द कळले का?”, “शेवटी मी घाई केली का?” माणूस ऐकलेलं आठवायला लागतो, तुम्हाला जोखायचं सोडतो. मुलाच्या बाबतीत हे करून बघाच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आईचा व्हिडिओ मित्रांच्या आयांच्या ग्रुपवर आला याची लाज वाटते, तुमच्या सुराशी त्याला काही घेणंदेणं नसतं. त्याच्या हातात फोन द्या आणि सांगा, “मुखड्याच्या शेवटी माझा सूर उतरतो का, तेवढंच ऐक.” या वयाच्या मुलांचे कान तीक्ष्ण असतात, आणि काम दिलं की तोंड वाकडं करायला त्यांना सवड राहत नाही.

नणंदेला पटवायला जाऊ नका. जितकी कारणं द्याल तितक्यांवर चर्चा होईल. “हो वन्सं, आत्ताच कुठे वेळ मिळाला,” एवढं हसून म्हणायचं आणि चहा टाकायचा. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा सभ्य घरातल्या माणसांनी गाणं शिकावं का, यावरच लोकांची नाकं मुरडलेली होती. त्या मानाने तुमच्या नणंदेची हरकत फक्त वयावर आहे. तेवढी चालवून घेता येईल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. टीका गुरूंकडूनच होत असेल तर बघा, रागावल्यावर ते ती जागा पुन्हा गाऊन दाखवतात का. दाखवत असतील तर बोलणं कितीही तिखट असलं तरी टिकून राहा. नुसतंच घालूनपाडून बोलत असतील तर गुरू बदला. त्यात बेइमानी नाही. पैसे घेऊन कार्यक्रम करायचे असतील तर वरचं बरंच बदलतं, तिथे श्रोत्याला आवडलं नाही म्हणायचा हक्क आहे. आणि झोप उडाली असेल, कामातही मन लागत नसेल, तर हा प्रश्न गाण्याच्या पलीकडचा आहे, डॉक्टरांशी बोला.

“माझा आवाज खरंच गाण्याचा नसेल तर?” हेही तुमच्या मनात असणारच, तर तपासून टाका. तानपुरा ॲप तुमच्या पट्टीत लावा, षड्ज ऐका, आणि एका श्वासात तो लावून धरा. मुद्रित करून ऐका. सूर मिसळला की नाही ते स्वतःला कळतंय का? कळत असेल, तर लागत नसला तरी हरकत नाही, तो रियाजाने लागेल. गुरूंनी दाखवूनही फरकच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. बहुतेक मोठ्या माणसांचा कान ठीक असतो, गळ्याला वळण नसतं.

टीका ऐकायचा सराव हवा असेल तर परीक्षेला बसा. गाण्याच्या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय तुमच्या जवळच, वाशीला आहे. प्रारंभिकपासून सुरुवात होते, भूप, दुर्गा असे राग असतात. तुमच्या शेजारी आठ-नऊ वर्षांची पोरं नंबर यायची वाट बघत बसलेली असतील, त्याची लाज बाळगू नका. ती तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेली असतात. परीक्षक अलंकार विचारतो, आरोह-अवरोह विचारतो, हाताने ताल धरायला सांगतो. तुम्ही कोण, वय काय, इतक्या उशिरा का आलात, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. असं ऐकून घेण्याची एकदा सवय झाली की सोसायटीतलं बोलणं आपोआप हलकं वाटायला लागतं.

राहिला हळदीकुंकवाचा प्रश्न. जा, पण कोजागिरीचं गाणं तिथे नको. ते पट्टी उतरवून अजून वर्गात घोटायचं आहे. गुरूंकडे पक्कं झालेलं एखादं छोटं भजन घ्या, दोन कडव्यांचं. ट्रॅक नको, माईक तर नकोच. दिवाणखान्यात पंधरा-वीस बायका असतात, साधा आवाज पुरतो आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. तानपुरा ॲप फोनवर लावून फोन मांडीजवळ ठेवा. पहिला नंबर घेऊ नका, शेवटचाही नको. दोघी-तिघी गाऊन झाल्या की म्हणा. त्या शेजारणी आल्या असतील तर नंतर त्यांनाच विचारा, “काकू, शब्द कळले का?” आणि वाणाबरोबर हातात आलेला तिळगूळ गाऊन होईपर्यंत पदरात ठेवा. तीळ घशात अडकले की खोकला येतो, आणि तो कितीही रियाज केला तरी थांबत नाही.